ठकीच्या नावापुढचं ‘सौ.’

तलासरीच्या बाजारात ठकी लांबून येताना दिसली की भाजीवाले उगाचच पोती आवरायला लागतात. बाई वाईट नाही. घासाघीस तर मुळीच करत नाही. पण ती माल घेते मूठभर आणि प्रश्न विचारते टोपलीभर. हा कांदा कुठला? तिकडे पाऊस कधी येतो? तुझा बाप पण कांदेच विकायचा का? मग त्याचा काटा कुठे गेला? तोवर मागची गिऱ्हाइकं कंटाळून दुसरीकडे वळलेली असतात.

आधी ती नरपडच्या वाडीत चिकूच्या कामाला जायची. तिथला शेठ तिला पाहून बंगल्याच्या मागच्या दाराने निसटायचा असं म्हणतात. आगरला मासळी आणायला गेली तर कोळणीला विचारायची, माशाला पापण्या का नसतात, मग तो झोपतो कसा. कोळीण म्हणायची, बाई, तू घेऊन जा आणि रात्रभर जागून बघ. अच्छाडच्या नाक्यावर ठकीचा मुलगा नविन टायरचं पंक्चर काढतो. त्याला डबा द्यायला गेली की ठकी तिथेच बाकड्यावर बसून ट्रकवाल्यांना गाठायची. तुमच्यात भाकरीला काय म्हणतात, पावसाला काय म्हणतात, बायकोला काय म्हणतात? पंजाबपासून तमिळनाडूपर्यंतच्या भाकऱ्या आणि बायका तिला तोंडपाठ झाल्या होत्या. रघ्या, म्हणजे तिच्या घरचा माणूस, सगळ्यांना सांगायचा, “हिला देवानं तोंड दिलां, बूच द्यायचा राहिला.”

तर अशा बाईच्या दारात एक दिवस रुचिता आली. मुंबईच्या एका अभ्यास करणाऱ्या संस्थेतली, तिशीतली, पाठीवर सॅक आणि पायात चिखलाने भरलेले बूट. डहाणू आणि तलासरीच्या पाड्यांवर बाळंतपणं कशी होतात, कुठे होतात, बायांना काय अडतं, याचा तिला अभ्यास करायचा होता. त्यावरून जिल्ह्याचे साहेब ठरवणार होते की इथल्या बायांसाठी पैसा कशावर घालायचा. घरोघर जाऊन वारली बोलीत प्रश्न विचारणारी बाई तिला हवी होती. बाजारात तिने चौकशी केली तेव्हा सगळ्यांनी एकच नाव सांगितलं, आणि सांगताना सगळे हसले.

ठकी जन्मभर फुकट विचारत आली होती. आता विचारायचा पगार मिळणार म्हटल्यावर तिला आधी ती चेष्टाच वाटली.

पण ठकीने हो म्हटलं ते पगारासाठी नाही. तलासरीत दवाखान्याच्या मागे दोन खोल्या होत्या. दिवस भरत आलेल्या बाईने आधीच तिथे येऊन राहायचं, सोबत घरचं माणूस ठेवायचं, कळा आल्या की दवाखाना हाकेच्या अंतरावर. त्या खोल्या ‘बघू या कसं चालतं’ म्हणून उघडलेल्या होत्या. लोक त्यांना ‘थांबा’ म्हणायचे, एसटीचा असतो तसा. तो थांबा ठेवायचा की बंद करायचा, हेही याच अभ्यासावर ठरणार होतं.

ठकीच्या घरात नविनची निलम पुन्हा पोटुशी होती. पुन्हा म्हणजे, पहिलं बाळ मागच्या पावसाळ्यात गेलं होतं. पाड्याखालचा ओहोळ भरला, जीप अलीकडे अडकली आणि निलम जीपमध्येच बाळंत झाली. ठकीने त्या बाळाला स्वतःच्या लुगड्यात गुंडाळलं होतं. ते रडलं नाही. सगळ्या जगाला प्रश्न विचारणारी ती बाई नंतर कितीतरी दिवस कोणाशी बोलली नाही. तेव्हा थांबा असता तर, हा एकच प्रश्न ती मनातल्या मनात विचारत राहिली. आताचे दिवस श्रावणात भरणार होते. ओहोळ श्रावणात भरतो तसा दुसऱ्या कुठल्या महिन्यात भरत नाही.

डहाणूत रुचिताने भाड्याने घेतलेल्या खोलीत ठकीची आणि दुसऱ्या पाड्यांवरच्या काही बायांची शिकवणी झाली. तिने दोन गोष्टी पुन्हा पुन्हा बजावल्या. लोक जे सांगतील तेच टॅबवर टिपायचं, आपल्या मनाचं काही घालायचं नाही. आणि आपण फक्त विचारायचं, स्वतःचं काही सांगत बसायचं नाही.

“म्हणजे तू पण नाय सांगणार?” ठकीने लगेच विचारलं. पाड्यावरच्या बोलण्यात अहो-जाहोला फारशी जागा नाही, आणि ठकीकडे तर नाहीच.

“मी पण नाही,” रुचिता म्हणाली.

ठकीच्या पोटात प्रश्न तसाच राहिला. रुचिताला रोज संध्याकाळी एक फोन यायचा, फोनवर ‘उमेश’ असं नाव उमटायचं, आणि ती बाहेर जाऊन बराच वेळ हसत बोलायची. कोण हा उमेश? भाऊ? साहेब? भावाशी कोण एवढं हसतं? पण नियम म्हणजे नियम.

शिकवणी संपल्यावर गळ्यात घालायची ओळखपत्रं मिळाली. ठकीच्या ओळखपत्रावर छापलं होतं: ‘सौ. ठकी रघ्या हाडळ’.

“हा पुढचा काय?”

“सौ. म्हणजे सौभाग्यवती. लग्न झालेल्या बाईला लावतात, मानाचं असतं.”

आयुष्यात पहिल्यांदा ठकीने मिळालेल्या उत्तरावर पुढचा प्रश्न विचारला नाही. कारण तिचं लग्न झालेलंच नव्हतं.

यात पाड्यावर कुणालाही नवल वाटलं नसतं. रघ्याने तिला घरी आणली, दोन्हीकडची माणसं बसली, ताडी फिरली, बोलणं ठरलं, झालं. ती त्याची बायको, तो तिचा गोहो. पाड्यावर नवऱ्याला गोहो म्हणतात. लगीन ही वेगळीच गोष्ट. त्याला मांडव लागतो, भिंतीवर लग्नाच्या चित्राचा चौक लिहावा लागतो, गाणी म्हणून लग्न लावणारी धवलेरी बोलवावी लागते, सगळ्या पाड्याला जेवण आणि ताडी द्यावी लागते. ते कुठे पळून जातं? आधी घर शाकारा, मग पोरं होऊ देत, ती मोठी होऊ देत, सोय झाली की लगीन लावा. रघ्याच्या आईबापाचं लगीन रघ्याला मिशा फुटल्यावर लागलं आणि रघ्याने त्यात पोटभर नाचून घेतलं. फक्त एक आहे, आईबापाचं झाल्याशिवाय मुलाचं लावत नाहीत; फार तर दोन्ही एकाच मांडवात लागतात. म्हणून ठकी-रघ्याचं राहिलं तसं नविन-निलमचंही राहिलं होतं. सोय अजून झाली नव्हती, आणि कुणाला घाईही नव्हती.

‘सौ.’वाली बाजू आत वळवून ठकीने ओळखपत्र पदराखाली घेतलं आणि कामाला लागली.

काय काम केलं तिने! उंबरठ्यावर बसून, शेण गोळा करता करता, विहिरीवर बादली ओढता ओढता तिने बायांना बोलतं केलं. टॅबवर एक प्रश्न होता, ‘वैवाहिक स्थिती’. ठकी विचारायची, “लगीन झालां?” बाया म्हणायच्या, “नाय झालां.” ठकी पर्याय बघायची: विवाहित, अविवाहित, विधवा, नवऱ्याने टाकलेली. लगीन नाही झालं म्हणजे अविवाहित. लोक सांगतील तेच टिपायचं. ती इमानदारीत टिपत गेली. दुसऱ्या पाड्यांवर फिरणाऱ्या बायाही तेच करत होत्या.

शिमगा जवळ आला तेव्हा रुचिताने तिला डहाणूला बोलावलं. लॅपटॉपवर आलेखाच्या रंगीत दांड्या उभ्या होत्या. रुचिताचा चेहरा उतरलेला होता.

“ठकीताई, ही सगळ्यात उंच दांडी बघा. मला रात्री झोप नाही लागली. एवढ्या सगळ्या माता, आणि अविवाहित!”

“मग?”

“मग काय? म्हणजे पोटी मूल देऊन पुरुष निघून गेले. कुणी फसवलं असेल, कुणी काय. मी वरिष्ठांना कळवलंय. तेही हादरलेत. पालघरच्या साहेबांनी लगेच मनावर घेतलं. त्या दोन खोल्यांचं ते निराधार मातांसाठी आधारगृह करायचं म्हणतायत. पैसा एकाच गोष्टीपुरता आहे ना. फाटक, पहारा, समुपदेशन. पुरुषांना आत यायला बंदी.”

ठकी दांडीकडे बघत राहिली. त्या दांडीत लडक्याची बायको होती, जिला लडक्या खांद्यावर बसवून ओहोळ पार करून देतो. हाल्याची म्हातारी बायको होती. निलम होती. ती स्वतः होती. ही सगळी टाकलेली? कुणी टाकली? ध चा मा झाला होता, आणि तो तिच्याच बोटाने झाला होता.

तिथल्या तिथे सांगून टाकायचं. पण सांगायचं म्हणजे पदराखालचं ते ‘सौ.’ बाहेर काढायचं. पाड्यावर ज्याची लाज कधी वाटली नाही, त्याची डहाणूच्या त्या खोलीत, पंख्याखाली, प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्यावर तिला लाज वाटली. आणि लाज वाटली म्हणून स्वतःचा रागही आला. “येते,” एवढंच म्हणून ती उठली. ठकीने एकही प्रश्न न विचारता निघून जावं, हे रुचिताच्याही लक्षात आलं.

घरी येऊन तिने रघ्याला सगळं सांगितलं. रघ्या आधी पोट धरून हसला. “म्हणजे मी नायच? मग ही भाकर कोण खातां?”

निलम हसली नाही. ती चुलीपुढे बसली होती, हात पोटावर. “आई, मग श्रावणात मी कठं जाऊ? त्यांच्या घरात राहायला मिळावां म्हणून सांगू का, माना कोणी नाय? आनी नविन फाटकाबाहेर?”

रघ्याचं हसू थांबलं. त्याने चुलीत लाकूड सारलं आणि म्हणाला, “जाऊन आख त्यांना. लाज कसली? तुझा गोहो मी हाय, सगळ्या तलासरीला म्हायती हाय.” आख म्हणजे सांग, जसं माना म्हणजे मला. मग जरा वेळाने, “आनी ते कार्ड पण दाखव.”

बैठक तलासरीत झाली. पालघरहून आलेले साहेब, दवाखान्याच्या बाई, रुचिता, तिचे वरिष्ठ आणि कडेला बाकावर प्रश्न विचारणाऱ्या बाया. भिंतीवर ती दांडी भलीमोठी होऊन दिसली. साहेब कळवळून बोलत होते, माणूस मनाचा चांगला. आधारगृहाचं नावसुद्धा त्यांनी ठरवून आणलं होतं.

ठकी उभी राहिली.

“साहेब, माना एक विचारायचां हाय. अविवाहित म्हणजे काय?”

“म्हणजे जिचं लग्न झालेलं नाही ती.”

“मग बरोबर लिवलां आमी. पण तिला गोहो नाय, नवरा नाय, असां कोणी आखला?”

साहेबांनी रुचिताकडे पाहिलं. रुचिताने ठकीकडे पाहिलं. ठकीने पदराखालून ओळखपत्र काढून समोर धरलं.

“हा सौ. तुमी छापला. माझा लगीन नाय झालां. पोरगा मोठा झाला, त्याची बायको पोटुशी हाय, तरी नाय झालां. त्यांचा पण नाय झालां. पण माझा गोहो सकाळी माझ्या हातचा चहा पिऊन कामाला गेला. माना कोणी टाकला नाय.”

मग तिने सगळं सांगितलं, मांडव, धवलेरी, सोय आणि आईबापाच्या वरातीत नाचलेला रघ्या. बाकावरच्या बाया मान हलवत होत्या. एकीने हळूच “माझा पण नाय” म्हटलं, मग दुसरीने. दवाखान्याच्या बाईंना हसू आवरेना.

रुचिता लाल झाली होती. ती उठून म्हणाली, “चूक माझी आहे. लग्न म्हणजे काय हे मी विचारलंच नाही. मला वाटलं, हा एक शब्द सगळीकडे सारखाच असणार.”

“माझी पण,” ठकी म्हणाली. “माना वाटलां, तुमच्यात पण लगीन म्हणजे मांडवच.”

साहेबांचा चेहरा मात्र पडला. “म्हणजे सगळा अभ्यासच रद्दी? मग आधारगृह नको, ठीक. पण थांबा तरी कशाच्या जोरावर चालू ठेवू? वर काय कागद दाखवू?”

ठकी खरं बोलायला आली आणि थांब्यावरच पाणी पडायची वेळ आली. तेवढ्यात रुचिता म्हणाली, “एकच प्रश्न चुकलाय. तेवढा पुन्हा विचारू. वेळ द्या.” साहेबांनी पुढच्या बैठकीपर्यंतची मुदत दिली. निघता निघता ते ठकीजवळ थांबले आणि अगदी हळू आवाजात विचारू लागले, “पण मुलाच्या लग्नात आईबापाचंही लावता, तर अंतरपाट एक की दोन?” ठकीला वाटलं, हा माणूस आपल्यातलाच आहे.

मग रुचिता आणि ठकी दोघी पुन्हा पाडे फिरल्या. आता प्रश्न साधा होता, “गोहो हाय का?” बायांना त्याची मजाच वाटली. एक म्हणाली, हाय ना, त्या बघ ताडावर चढलाय. दुसरी म्हणाली, हाय, पण नसता तर बरां. हाल्याच्या म्हातारीने ठकीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, “हाय. पण तुना कशाला हवा? रघ्या कठं गेला?” रुचिताला कळायला जरा वेळ लागला, मग ती हसून हसून अंगणात बसलीच. काही घरी मात्र खरंच कोणी नव्हतं. एका दारात एक तरुण बाई काहीच न बोलता आत निघून गेली. रुचिता तिच्यामागून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. ठकी अंगणात उभी राहिली. तेवढा एक प्रश्न तिने कधीच विचारला नाही.

पुढच्या बैठकीत ती उंच दांडी बसकी झाली. ज्या उरल्या त्या बायांसाठी काय करायचं याची वेगळी चर्चा झाली, शांतपणे. आणि दुसरी एक दांडी, जिच्याकडे आधी कोणी नीट बघितलंच नव्हतं, ती सगळ्यांच्या नजरेत भरली: पावसाळ्यात वाटेत झालेली बाळंतपणं. थांबा राहिला. आणि थांब्याच्या दाराशी विचारायचा प्रश्नही बदलला. ‘विवाहित की अविवाहित’ गेलं, ‘सोबत कोण आहे?’ आलं.

श्रावण लागायच्या आधीच निलम थांब्यावर गेली. दारातल्या बाईंनी विचारलं, “सोबत कोण?” नविन, रघ्या आणि ठकी तिघांनी एकदमच “मी” म्हटलं. ओहोळ त्या वर्षी दोन्ही काठ सोडून वाहिला. पलीकडे तलासरीत, पत्र्यावर पाऊस वाजत असताना, निलमची मुलगी एवढ्या जोरात रडली की ठकी बाहेरच्या पडवीत मटकन बसली आणि तीही रडली. मग डोळे पुसून तिने बाईंना विचारलं की बाळ रडताना डोळे का मिटतं. ठकी पूर्ववत झाली होती.

पुढच्या होळीनंतर सोय झाली. एकाच मांडवात दोन लगीनं, आधी ठकी-रघ्याचं, मग नविन-निलमचं. नात हळद लागलेल्या हातांतून हातांत फिरत होती. रुचिता मुंबईहून आली, या वेळी बूट घरी ठेवून, चपला घालून. तिने येताना भेट आणली होती, ठकीचं नवं ओळखपत्र. नवा अभ्यास सुरू होणार होता.

ठकीने हळदीच्या बोटांनी ते धरलं. त्यावर नुसतंच लिहिलं होतं: ‘ठकी रघ्या हाडळ’.

“तुम्ही बोललात ना, म्हणून सौ. सगळ्यांचंच काढलं,” रुचिता मोठ्या आनंदाने म्हणाली.

“आज काढलास?” ठकी ओरडली. “आता कुठं खरां झालां!”

मांडव हसला. रुचिता ओशाळली, मग तीही हसली. ठकीने तिला हाताला धरून जवळ बसवलं. धवलेरी दम खायला थांबली होती, ढोल गप्प होता, आणि ठकीच्या पोटात वर्षभर दाबून ठेवलेला उमेशचा प्रश्न होता.

“आज अभ्यास नाय. आज माझा लगीन हाय, नियम माझा. तुझा लगीन झालां?”

रुचिताने इकडेतिकडे पाहिलं. सगळ्या बायांचे कान तिच्याकडे लागले होते. “नाही. म्हणजे… तसं नाही झालं. घरी अजून कुणाला… म्हणजे आम्ही दोघं…” अख्खा तालुका पालथा घालून बायांना विचारत फिरलेल्या त्या पोरीला एक उत्तर धड देता येईना.

ठकीने तिच्या गालाला हळदीचं बोट लावलं.

“लगीन ऱ्हाऊ दे. गोहो हाय का, ते आख.”

रुचिताच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती हसली. “हाय,” ती म्हणाली.